सगळीकडे चालणारं बटण

२४ सप्टेंबर २०२५
नव्या कंपनीने मला ओळखपत्र दिलं, कण्हणारी खुर्ची दिली, अंधेरी एमआयडीसीच्या नाल्याकडे उघडणारी खिडकीसुद्धा दिली. चमचा मात्र नाही. पन्नाशीच्या बाईने चहातली साखर पेनाने ढवळायची, ही मानवजातीची अवनती मी इथे नोंदवून ठेवते. शेवटी लॅबमधल्या सिद्धेशने स्वतःचा दिला. परत करायचाय.

काम झकास. माहितीपत्रकं लिहायची: पडलेले दात पुन्हा उगवणार. ऑफिसात आम्ही तिघंच. आमच्या प्रमुख डॉ. शर्मिष्ठांनी दाताचं जनुक एका विषाणूत भरलंय. जनुक चालू करणारा प्रमोटर, म्हणजे बटण, तोही विषाणूचाच. मी विचारलं, दाताचं स्वतःचं बटण का नाही? सिद्धेश म्हणाला, "ते फक्त हिरडीत चालतं मॅडम, तेही रडतखडत. हे पेशी कुठली ते बघतच नाही. यकृत असो, मेंदू असो, सगळ्यांना कामाला लावतं."

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. सिद्धेशने नारळ विषाणूच्या टेबलापाशीच फोडला. करवंटी उडून विषाणूची एक बाटली फुटली, खोबऱ्यावर शिंतोडे. शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, फेका. पण प्रसाद फेकणार कोण? धुतला, वाटला. बाईंनीही खाल्ला. मीही.

४ ऑक्टोबर
सिद्धेशच्या जिभेवर दात आलाय. मी म्हटलं, माझ्या जिभेला तर जन्मापासून आहेत. कोणी हसलं नाही. बाईंच्या पापणीआड काहीतरी पांढरं.

६ ऑक्टोबर
बाईंनी डोळा चोळला — बोट आत गेलं, बाहेर आलं ते अर्धंच.

सिद्धेश त्यांना सावरायला धावला. त्याच्या तळहातांना फुटलेल्या दातांनी त्यांचा गळा धरला तो सोडेचनात. तो रडत माफी मागत होता, हात चावत होते. रक्त छतापर्यंत. बाई गेल्या. मी त्याला खुर्चीने हाणलं, लॅबमध्ये ढकललं, कडी घातली.

दुपार
जिना समोर. घरी माझी लेक अपूर्वा रात्री जेवायची थांबेल. रोज गेल्या गेल्या तिचा गालगुच्चा घेते.

डाव्या तळव्यात काहीतरी टोचतंय.

ऑफिसच्या दाराला आतून कुलूप. किल्ली खिडकीतून नाल्यात. पोलिसांना फोनवर सांगितलं, आत येऊ नका.

संध्याकाळ
अपूर्वाचा फोन वाजतोय. उचलत नाही — गालसुद्धा आतून —

सिद्धेशचा चमचा धुतला, पुसला. लॅबच्या दाराखालून सरकवला. पलीकडून थँक्यू म्हणाला. मग चमचा चावल्याचा आवाज.

पेन धरलेला हात आता —