मुक्कामाची बस

आई, मी गाडी चालवते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं तुला खरं वाटायचं नाही. सायकलवरून दोनदा भाताच्या खाचरात पडलेली तुझी लेक रोज चारचाकी घेऊन देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला जाते. हौस म्हणून नव्हे. आपल्या गावची मुक्कामाची बस बंद झाली. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या दारात गाड्या आल्या, बसमध्ये बसायला माणूस उरेना, म्हणून बस गेली. आणि बस गेली म्हणून माझ्यासारख्यांनीही जुन्यापान्या गाड्या घेतल्या. वरच्या ठाकरवाडीला मात्र ना बस ना गाडी. त्यामुळे सकाळी माझीच गाडी ओढ्यापाशी भरते.

तुझ्या वेळी ड्रायव्हर-कंडक्टर संध्याकाळी बस घेऊन यायचे, मारुतीच्या देवळात मुक्काम करायचे, आणि त्यांचं जेवण घरटी पाळीनं असायचं. तू मात्र पाळी नसली तरी डबा धाडायचीस. मी चिडायचे, आपल्यालाच पिठलं पुरत नाही, त्यांना कशाला? चुलीपुढून न उठता तू म्हणायचीस, "गप ए. उद्या तुला उशीर झाला का त्योच थांबंल." आणि सकाळी त्या बसला उशीर मला रोज व्हायचा. घरात माझी वेणी चाललेली, आणि तू बसच्या पायरीवर एक पाय ठेवून कंडक्टरला भावकीतल्या लग्नापासून म्हशीच्या दुखण्यापर्यंत सगळं ऐकवते आहेस. पायरीवर बाईमाणसाचा पाय असताना तो घंटी मारणार कशी? "मावशी, पाय काढा," तो म्हणायचा. "काढते की. ती बगा, आलीच," असं तू बेधडक सांगायचीस.

परवा दहावीचा गणिताचा पेपर होता. वाडीवरची एक मुलगी परीक्षेला माझ्याबरोबर कामशेतपर्यंत येते. तिची आजीही असते, बाजारात रानभाजी विकायला. त्या दिवशी वाडीवरून ओढ्याकडं उतरताना पोर अर्ध्या वाटेवरून हॉलतिकीट आणायला माघारी पळाली होती. मागच्या सीटवरचे घड्याळं बघायला लागले. मलाही डेपोच्या गेटवर वेळेत पोचायचं होतं, दोन लेटमार्क आधीच लागलेले. मी म्हटलं, आता निघते, आणि गाडी चालू केली. तर आजीनं शांतपणे दार उघडलं आणि एक पाय खाली रस्त्यावर ठेवला.

"आजी, पाय आत घ्या."

"घेते की. ती काय, आलीच."

समोरची चढण पार मोकळी होती, चिटपाखरू नव्हतं. आई, मला असं हसू फुटलं की गाडी बंदच करावी लागली. मागचे म्हणाले, ह्या बाईला काय झालं? आजीनं मात्र करवंदांचा विषय काढला आणि सगळ्यांना त्यात गुंतवून टाकलं. बऱ्याच वेळानं पोरगी चपला हातात घेऊन, हॉलतिकीट दातात धरून धावत आली. मग मी जी गाडी हाणली, ती तू बघायला हवी होतीस. परीक्षेच्या शाळेचा शिपाई फाटक लावायला निघाला होता तेवढ्यात आम्ही पोचलो. मला तिसरा लेटमार्क लागला. साहेब बोलत होते आणि मी खुशाल हसत होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. फाटकातून आत शिरताना ती मुलगी सगळ्या मैत्रिणींदेखत वळली आणि हात उंच करून ओरडली, "आज्जे, पोचले गं." आजीनं गाडीतून हात हलवला. मी बघत राहिले. बस सुटली की तूही रस्त्यावर उभी राहून असाच हात करायचीस. मी मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसायचे, आई. मला तुझी लाज वाटायची.