कॉफी प्यायल्यावर थकवा कुठं जातो

तीर्थरूप आबा,
बंगळुरूहून तुमच्या शितलचा नमस्कार.

आज आमच्या प्रयोगशाळेत माझ्याच डोक्याला तारा लावल्या. दिवा लागला की बटण दाबायचं. रात्रभर जागल्यानं आधी मी मागं पडत होते. कॉफी प्यायल्यावर बोट दिव्याबरोबरच पडायला लागलं. पडद्यावर मेंदूच्या लाटा बघून मला हसूच आवरंना.

आमच्या मॅडम म्हणाल्या, "थकवा गेलेला नाही हं. कॉफी फक्त तो मेंदूला कळू देत नाही."

तवा मला तुम्ही दिसलात, मी दिलेली कॉफी पिऊन उसाचा ट्रॅक्टर चालवणारे. तुमचा डोळा लागून ट्रॅक्टर रस्त्याकडंच्या चारीत गेला, हे आईनं सांगितलं. तुम्ही मात्र फोनवर "समदं बरं हाय" म्हणालात. लागलं तर न्हाई ना?

आता झोप आली की दादाला चावी द्या आन् आडवं व्हा. कॉफी उठल्यावर प्या.

तुमची लाडकी,
शितल