फोटोतली जाडजूड मी

प्रिय ताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

फोटो बघून आई फोनवर म्हणाली, "पोरगी अंगानं भरली!" तिचा आनंद मोडू नकोस, पण ते अंग नाही गं, कपडे आहेत. आत पातळ बनियन, त्यावर शर्ट, मग आईनं विणलेला स्वेटर आणि वर बटणं न लावलेला कोट. कॉलर जरा बाहेर काढली की झाली फॅशन! ऑफिसातल्या बायका विचारतात, स्वेटर कुठून घेतलास?

जेवण होतं वेळेवर, बहुतेक. आईचे गुडघे कसे आहेत?

तुझा निळा कुर्ता पाठवशील? माझ्या दंडात अडकायचा आणि तू हसायचीस, तोच. आता आत स्वेटर घालूनही सहज चढेल.

तुझीच,
धाकटी