सहा तास, हायब्रिडमध्ये

१ जून, सोमवार

गाडी आली. हायब्रिड. पेट्रोलवर चालते आणि विजेवरही चालते. केव्हा कशावर चालायचं ते तिचं तीच ठरवते. म्हणजे घरात स्वतःच्या मनाने वागणाऱ्या आता तिघी झाल्या.

गाडी घेण्याचं खरं कारण इथे लिहून ठेवतो. लेकीला पहिली नोकरी लागली आहे, बंदराच्या गावी, एका प्रयोगशाळेत. २९ तारखेला हजर व्हायचं. २८ला रविवारी मी स्वतः तिला सोडायला जाणार. सहा तासांचा रस्ता. गेल्या पाच-सहा वर्षांत आमचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘पोचलीस का’ यापुढे गेलेलं नाही. सहा तासांत सगळं भरून काढायचं. हे कुणाला सांगितलेलं नाही. घरी कारण दिलंय ते ॲव्हरेजचं.

संकल्प: मॅन्युअल रोज वीस पानं. एकूण पाचशे बारा. २६ तारखेला संपेल, वर एक दिवस उजळणीला.

२ जून

मॅन्युअल पान ९पर्यंत. पहिली आठ पानं नुसते इशारे. ते नवशिक्यांसाठी असतात. उद्या भरून काढीन.

३ जून

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटर विभागात मला तेवीस वर्षं झाली. आकडा खोटं बोलत नाही, हे मी तक्रार घेऊन येणाऱ्यांना रोज सांगतो. आज गाडीचा आकडा: लिटरला १९.४. कंपनी म्हणते २७. आकडा खोटं बोलतोय.

दोष इंजिनाचा आहे. गाडी छान बॅटरीवर चाललेली असते, पडद्यावर हिरवा दिवा असतो, आणि जरा पाय दाबला की इंजिन घुर्रकन सुरू होतं. हिरवा दिवा जातो. आपण बोलत असताना समोरचा उठून गेला की जसं होतं, तसं होतं मला.

६ जून

तंत्र सापडलं. पायाखाली कच्चं अंडं आहे असं समजून चालवायची. वेग पंचवीस. ब्रेक लांबूनच हळूहळू. एसी बंद, काचा बंद. २४.८!

मागे अकरा गाड्या होत्या. लोक हॉर्न वाजवून दाद देत होते. ही मंडईपाशी उतरली आणि म्हणाली की मी चालत जाते, मला घाई आहे. मी घरी पोचलो तेव्हा तिचा चहा पिऊन झाला होता. पण तिचं ॲव्हरेज कोण मोजणार?

७ जून, रविवार

मागच्या सीटच्या कडेला एक जाळी आढळली. कान लावला तर आतून हवा ओढल्यासारखा आवाज. म्हणजे बाहेरची धूळ इथून आत शिरते. एवढी मोठी कंपनी आणि ही ढिलाई! खोक्याला लावायची रुंद चिकटपट्टी आणून चार पदरी बंद केली. कडा नखाने दाबल्या. वर जाड सीटकव्हर चढवलं. लेकीच्या सामानावर आता कणभर धूळ बसणार नाही.

लेक विचारत होती की जाळी दिली आहे तर काहीतरी कारण असेल, मॅन्युअलमध्ये बघू का. म्हटलं, मी वाचतोय ना. पान १४.

१० जून

साडू आले. म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची डिझेल गाडी तेरा वर्षांची आहे, मी तिला मनातल्या मनात धुरांडं म्हणतो. ती चौकात वळली की आमच्या घरातली भांडी वाजतात. लेक लहानपणापासून त्यांची लाडकी. काका आले की लेकीच्या तोंडाला कुलूप राहत नाही.

माझ्या गाडीत बसल्यावर साडूंनी विचारलं की गाडी सुरू आहे का बंद. मी नुसता हसलो. मलाही नक्की माहीत नव्हतं.

११ जून

मोठा शोध! ब्रेकवर पाय न ठेवता नुसतं बटण दाबलं, तर पडदा लागतो, गाणी लागतात, पंखा लागतो आणि इंजिन अजिबात सुरू होत नाही. थेंबभर पेट्रोल नाही. कंपनीने हे लपवून ठेवलंय. आज साडेसहा ते पावणेआठ गाडीत बसून पडद्याचा अभ्यास केला. उद्यापासून रोज करणार आहे.

शिवाय २८ तारखेची तयारी. बोलायचे विषय एका कागदावर काढले: घरमालकाशी करार, विमा, एकटं राहताना रात्री दार कसं लावायचं, पाणी उकळून पिणे. आणि शेवटी मनातलं. मनातलं म्हणजे काय, ते खोडून तीनदा लिहिलं. मला तुझी फार आठवण येणार आहे. एवढंच आहे. मोठ्याने म्हणून पाहिलं. काचा बंद होत्या म्हणून बरं जमलं.

१३ जून, शनिवार, सकाळी ८.२०

गाडी मेली. किल्लीचं बटण दाबलं तरी दार उघडत नाही. एकदा दाबलं, दहादा दाबलं, रागाने दाबलं. अशा वेळी काय करायचं ते मॅन्युअलमध्ये असणारच. मॅन्युअल गाडीत आहे.

त्याच दिवशी, ११.००

हिने मला न विचारता साडूंना फोन केला. त्यांनी माझ्या किल्लीच्या पोटातून एक छोटी लोखंडी किल्ली ओढून काढली आणि दार उघडलं. ती तिथे असते हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. मग वायरी लावून माझी गाडी सुरू केली. कशाने, तर धुरांड्याने. शेजारचे तिघे बघत होते. लेकीने टाळ्या वाजवल्या.

१५ जून

सर्व्हिस सेंटर. तिथल्या सल्लागार बाई वयाने लेकीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठ्या, पण सबुरीच्या. म्हणाल्या, गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी गाडी चालवते, छोटी दिवे-दारं-पडदा बघते. नुसतं बटण दाबून रोज सव्वा तास बसलात, छोटी संपली. मी म्हटलं, मग शेजारी मोठी होती ना भरलेली, तिने हात द्यायचा. म्हणाल्या की गाडी नीट सुरू केल्याशिवाय ती देऊ शकत नाही. घरोघरी मातीच्या चुली.

दोन सूचना दिल्या. प्रवासाच्या आधी एकदा तासभर मोठ्या रस्त्यावर पळवून आणा. आणि पडद्यावर इशारा आला तर लगेच घेऊन या. आतमध्ये काही बदल केलाय का, असंही विचारलं. नाही म्हणालो. जाळी बंद केली तो बदल नव्हे, सुधारणा आहे.

तासभर पळवणं मात्र जमणार नाही. गाडी २८साठी राखून ठेवायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी मुलाला पळवतं का?

२० जून

पुलाच्या चढावर पडद्यावर एक पिवळा इशारा आला. वाचेपर्यंत गेला. गेला म्हणजे मिटलं. मागून पंख्याची घरघर ऐकू येते अलीकडे. मांजर खूश असलं की करतं तशी. गाडीला आता माझा हात समजायला लागला आहे.

लेक म्हणते, दाखवून आणा. ही म्हणते, दाखवून आणा. साडूंनी फोन करून सुचवलं की रविवारी मी मोकळा आहे, मीच सोडतो पोरीला. मी फार गोड शब्दांत नाही म्हणालो. फोन ठेवल्यावर गोड नव्हते.

२४ जून

लेकीचं कपाट निम्मं रिकामं. तिच्या खोलीत गेलो तर ती पलंगावर नुसती बसली होती, हातात घडी न केलेला टॉवेल. काही हवंय का विचारलं. नाही म्हणाली. मी जरा वेळ उभा राहिलो आणि टायरमधली हवा बघायला खाली आलो.

२६ जून

मॅन्युअल पान ४१. बाकीचा भाग रेडिओ, काच पुसणं वगैरे असणार. मुख्य ते आलं.

२८ जून, रविवार, पहाटे ५.४०

निघतो आहोत. लेक पुढे, ही मागे, तीन खोकी, एक गादी. कागद खिशात आहे. आज बोलणार.

त्याच दिवशी, ८.५०, रस्त्याच्या कडेला

घडलं ते क्रमाने लिहितो. पहिला तास उत्तम. २६.१. गाडीत इतकी शांतता की टाचणी पडली तरी ऐकू यावी. साधारण पावणेसातला लेक म्हणाली, बाबा, एक सांगायचं होतं. म्हटलं, सांग की, फक्त हा हिरवा दिवा लागू दे, नेमका आत्ता लुकलुकतोय. दिवा लागला. तेवढ्यात चढ सुरू झाला. ती पुन्हा म्हणाली, बाबा. म्हटलं, एवढा चढ संपू दे.

चढ संपलाच नाही. पिवळा इशारा आला, मग लाल. मागचा पंखा किंचाळायला लागला. गाडी सायकलच्या वेगाने चालली, मग पायी चालल्यासारखी, मग उभी राहिली. एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. ट्रॅक्टरवाल्याने विचारपूस केली, तेही लागलं.

हेल्पलाइन म्हणते, उचलून नेणारी गाडी यायला तीन तास. लेकीला आज संध्याकाळी चारच्या आत खोलीचा ताबा घ्यायचा आहे, नाहीतर खोली दुसऱ्याला जाते. हिने फोन काढला. कुणाला लावतेय ते विचारलं नाही.

१०.५५

धुरांडं दिसायच्या आधी ऐकू आलं. साडूंनी उतरून थेट डिकी उघडली. एक शब्द टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. खोकी चढली, गादी चढली, ही आणि लेक बसल्या. गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं. गाडी कुणाची? माझी.

लेकीने काच खाली केली आणि म्हणाली की डोक्यावर रुमाल घ्या, ऊन वाढेल. मी कागद बाहेर काढणार होतो. पण मागून गाड्या येत होत्या. मी म्हणालो, बेल्ट लाव.

त्यांची गाडी वळणाआड गेल्यावरही बराच वेळ ऐकू येत होती. रुमाल काढून डोक्यावर घेतला. ऊन फार आहे इथे.

३० जून

सर्व्हिस सेंटर. बाईंनी कव्हर काढलं, जाळी बघितली आणि चिकटपट्टी एका टोकाने धरून हळूहळू सोलली. चार पदर निघायला वेळ लागला. मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि त्या जाळीतून श्वास घेते. मी तिचं नाक दाबून तीन आठवडे चालवत होतो. बाई रागावल्या नाहीत. हे कुठे लिहिलंय का, असं मीच विचारलं. पान ४३, म्हणाल्या.

बॅटरी वाचली. थोडक्यात वाचली असं त्यांनी दोनदा सांगितलं.

२ जुलै, गुरुवार

ही परत आली, साडूंबरोबरच. लेकीची खोली चांगली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. ताबा साडेतीनला मिळाला.

मग जेवताना हिने सांगितलं. लेकीला जायचंच नव्हतं. घाबरली होती पोर. महिनाभर मनात घेऊन हिंडत होती. वाटेत मला सांगणार होती, आणि बाबा नुसतं एकदा म्हणाले की नको जाऊस, तर तिथूनच गाडी वळवायला सांगणार होती. ते सगळं तिने साडूंना सांगितलं. धुरांड्याच्या आवाजात ओरडून ओरडून सांगितलं म्हणे. साडूंनी गाडी झाडाखाली थांबवली आणि तासभर ऐकून घेतलं. मग म्हणाले, एक महिना राहून बघ, नाही जमलं तर फोन कर, मी न्यायला येतो. मग ती हसली. मग तिला भूक लागली.

मी हिला सांगितलं की मी असतो तर तिला थांबवून घेतलं असतं. लगेच म्हणालो असतो, नको जाऊस. ही ताटं उचलायला लागली. चढावर मी काय म्हणालो होतो ते तिने मागच्या सीटवरून ऐकलं होतं.

साडूंचे आभार मानायला हवेत. उद्या फोन करीन.

४ जुलै

साडूंना फोन केला नाही. ऑफिसात फार काम होतं.

५ जुलै, रविवार

गाडी उत्तम. चढावरही इशारा नाही. २८.२! आजवरचा उच्चांक.

संध्याकाळी ठरवून लेकीला फोन लावला. कागद समोर ठेवला होता. तिने विचारलं की गाडी कशी आहे. सांगितलं. बॅटऱ्या दोन का असतात ते सांगितलं, जाळीचं सांगितलं, चढावर पाय कसा ठेवायचा तेही. ती हो हो म्हणत होती. वीस मिनिटांनी म्हणाली, बाबा, आता ठेवते.

ठेवल्यावर लक्षात आलं की ती कशी आहे ते विचारलंच नाही. पुन्हा लावला. एंगेज. पाच मिनिटांनी लावला. एंगेज.

स्वयंपाकघरात गेलो. ही फोनवर होती, ओट्याला टेकून, हसत. पलीकडून लेकीचाही हसण्याचा आवाज येत होता. मी दारात उभा राहिलो. हिने फोनवर हात ठेवून विचारलं, काही काम होतं का. मी नाही म्हणालो.