खणांची चाल

१० नोव्हेंबर १९७२, शुक्रवार

नाही घेणार. तोंडावर सांगितलं!

पुण्याच्या टाईप फाउंड्रीचा माणूस दुपारभर खुर्चीला चिकटून बसला होता. चहा माझा, बडबड त्याची. म्हणे, सहादेवराव, सगळीकडे अखंड टाईप आला, तुम्हीच तेवढे डिग्रीला धरून बसलात. डिग्री म्हणजे आमचा जुना – अक्षराचा खिळा वेगळा, वरच्या मात्रेचा वेगळा, खालच्या उकाराचा वेगळा. शब्द जुळवायचा म्हणजे तीन मजली चाळ बांधायची. अखंडात मात्रा अक्षराच्या अंगावरच ओतलेली. काम झपाझप, मात्रा गळायची धास्ती नाही. हे मला कळत नाही असं त्याला वाटतं!

पण अट काय? जुना टाईप वितळवायला त्याला द्यायचा, तेव्हा नवा मिळणार. आणि इथे चर्चच्या मंडळीचं गीतांचं पुस्तक अर्धं छापून झालेलं, गठ्ठे बांधून कोपऱ्यात रचलेले. उरलेलं अर्धं वेगळ्या अक्षरात? म्हटलं, "पुण्यात अर्धी दाढी करून लग्नाला जातात काय हो?"

हसला. असा हसून उठणारा माणूस वाईट. पुन्हा येतो.

जाताना नव्या खिळ्यांच्या नमुन्याची पुडी आणि खणांचा तक्ता ठेवून गेला. पायाने टेबलाखाली सारलं.

१२ नोव्हेंबर, रविवार

प्रेस बंद. खिळे जुळवणारा आमचा शलमोन त्याच्या चर्चच्या देवळात, मी घरी कान कोरत.

छबू म्हणाली, घ्या की नवा, कशाला अडून बसता? तिला काय सांगू? टाईप बदलला की केस – खिळ्यांची खणाखणांची पेटी – बदलते. केस बदलली की खण बदलतात. कुठल्या खणात कुठलं अक्षर, हे शलमोनच्या डोक्यात नाही, हातात आहे. चाळीस वर्षांचा हात. तो आता नव्याने शिकवायचा? साठीच्या माणसाला पुन्हा बिगरीत बसवायचं?

मला केस शिकवली त्यानेच. मी तेव्हा शाई लावणारा पोऱ्या, शाळा चौथीत सुटलेली. कागदावर काढून दाखवलं तर डोक्यात शिरेना. मग त्याने सगळे खण एका भजनाच्या चालीवर बसवले. केस म्हणजे गाव! क, र, त, न मधल्या आळीत – रोज लागणारी माणसं. काना-मात्रा पाणवठ्याजवळ. ङ आणि ञ वेशीबाहेर, त्यांना कोण बोलावतंय! एवढं म्हणून शलमोन हसायचा. का हसायचा ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

आठवड्यात पाठ झालं. आजही आंघोळ करताना तीच चाल तोंडात येते. प्रेस काढली ती त्या चालीवर. मालक झालो तेव्हा पहिला माणूस त्यालाच आणला. चारचौघांत मला मालक म्हणतो, एकटे असलो की सहादेवा. ते सहादेवा ऐकलं की बरं वाटतं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

कृपादान मास्तर आले होते. मंडळीचे चिटणीस, हायस्कुलात शिकवतात. सभ्य माणूस, पण खडू धरल्यासारखं बोट करून बोलतात. राधाकृष्ण शेठच्या छापखान्यात अखंड टाईप आलाय, तो पाहून आलेत! उरलेलं पुस्तक त्याच अक्षरात हवं. वेगळं दिसलं तरी चालेल, निदान वाचता येईल, म्हणाले. आमच्या छापलेल्या पानांवर त्यांनी तांबड्या पेन्सिलीने गळलेल्या मात्रांना गोल केले होते. पानाला देवी आल्यागत दिसत होतं.

म्हटलं, मास्तर, या टाईपाने अर्ध्या नगर जिल्ह्याची लग्नं लावली. एकही नवरदेव चुकीच्या मांडवात गेला नाही.

हसले नाहीत. नाताळच्या आत पुस्तक हवं, या महिन्यात काय ते सांगा, म्हणाले.

सांगितलंय की! नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

खर्ड्याचे कानिफनाथ दुकानाच्या हँडबिलासाठी आले. राधाकृष्ण शेठकडे आधी जाऊन आलो, असं स्वतःच सांगितलं. "तिकडं अक्षर लई झ्याक हाय बगा. पर मानूस बोलतच न्हाई. म्हनलं, आपलं सहादेवरावाकडंच जावं."

आता छपाईसाठी नाही, गप्पांसाठी येतात तर! येऊ देत.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज प्रूफ वाचताना थबकलो. एका ओळीत आमच्या झिजलेल्या अक्षरांमध्ये एक 'की' – जाड, कोरी, टवटवीत. खेड्यातल्या पंगतीत साहेब बसावा तशी. पुढच्या पानावर आणखी एक. नव्या टाईपाचे खिळे आमच्या केसमध्ये!

टेबलाखाली वाकून पाहिलं. पुडी फुटलेली. तक्ताही नाही. आधी वाटलं उंदीर. पण उंदीर खिळे खणात नेऊन टाकत नाहीत.

शलमोनला विचारलं. तो हातातल्या खिळे जुळवायच्या स्टिककडेच बघत म्हणाला, "मालक, माजा हात चुकला. सोडताना जुन्याच खनात गेलं."

पुडी बघायला घेतली असेल, आवरताना हात सवयीने जुन्या घरी गेला. छापून झालेले खिळे तो न बघता परत खणांत सोडतो, हात आपला चालत असतो. पण शलमोनचा हात चुकला हे मी आजवर ऐकलं नव्हतं. मूठभर नवे खिळे आले तर ही गत, अख्खा संच आला तर काय होईल? मास्तर त्याच्या प्रूफावरही तांबडे गोल काढतील. आणि राधाकृष्ण शेठकडचा कुणीतरी म्हणेल, म्हातारा संपला.

म्हटलं, उंदरांचा बंदोबस्त करायला हवा. तो पुन्हा स्टिक भरू लागला.

आणखी एक. त्याचं गुणगुणणं बंद झालंय. पाठ माझ्याकडे, टाईप खटाखट स्टिकमध्ये पडतोय आणि नाकातून कुठलंतरी गीत – त्यावरून मी ओळखायचो कितवं पान चाललंय. गेले काही दिवस नुसती खटखट. तीही अडखळत. माझ्या कानाला ट्रेडल मशीनचा एक नट सैल झालेला कळतो, हे कळणार नाही? भ्यालाय माणूस. नव्या टाईपाच्या बोलण्याने भ्यालाय.

१९ नोव्हेंबर, रविवार

मास्तरांनी मुद्दाम देवळात बोलावलं. छापलेली पानं हातात देऊन मंडळी गीतांची तालीम करणार होती. मी बाहेरच्या पायरीवर बसलो, कान आत.

म्हाताऱ्या बायका खणखणीत गातात. सगळं पाठ. कागद उलटा दिला तरी गातील! पुरुषांचा आवाज तिसऱ्या ओळीला बसतो. पोरं तर पहिल्याच कडव्यात गळली. खिडकीतून डोकावलो. माझं छापलेलं पान कुणी वाचतच नव्हतं. मांडीवर ठेवून पाठ म्हणत होते. शलमोन मागच्या बाकावर, पान डोळ्यांशी धरून. त्यानेच जुळवलेलं पान. ओठ मिटलेले.

बाहेर येऊन मास्तर म्हणाले, ऐकलंत?

म्हटलं, ऐकलं. तुमच्या मंडळीला पुस्तकाची गरजच नाही.

घरी येईपर्यंत जेवण नकोसं झालं होतं. हे फक्त या वहीत.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

विहिरींना पाणी नाही, कागद मिळेना, आणि लोकांना नवं अक्षर हवंय!

२५ नोव्हेंबर, शनिवार

आज तुकडा पाडला.

कृपादान मास्तर मंडळीच्या दोन वडिलांना – चर्चच्या पंचांना – घेऊन आले. गोड बोलून झालं, मग मुद्दा: नवा टाईप घेता की उरलेलं पुस्तक राधाकृष्ण शेठना देऊ? ट्रेडल थांबवलं होतं. शलमोन केसपाशी उभा, हातात रिकामी स्टिक. सगळे एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. मला ते आवडलं नाही. जनावर बाजारात उभं केल्यासारखं!

म्हटलं, "मास्तर, हा माणूस या प्रेसमध्ये उभा आहे तोवर ही केस हलणार नाही. पुस्तक न्यायचं तर न्या. गठ्ठे उचलायला हमाल मी देतो."

वडिलांपैकी एकाने मान खाली घातली. मास्तर शलमोनला म्हणाले, तुमचं काय म्हणणं, शलमोनभाऊ? शलमोनने स्टिक खाली ठेवली. मग, "मालक म्हनतील तसं."

बघा, म्हटलं! मास्तर उठले. सोमवारपर्यंत थांबतो, त्यानंतर गठ्ठे नेतो, एवढं बोलून गेले.

पुस्तक गेलं तर नाव जाईल. नगरात बोललं जाईल, अर्धं काम टाकून बसला. बोलू देत! शाईच्या डब्याजवळ झोपून इथवर आलोय, पुन्हा तिथून सुरू करू. पण ज्याने अक्षर हातात दिलं त्याचा हात मी वितळवायला देणार नाही. छबू म्हणाली, त्याला विचारलंत का एकदा? अगं, विचारायचं काय त्यात? माझे कान आहेत.

जाताना शलमोन दारात घुटमळला. वाटलं, आभार मानतोय. म्हटलं, जा, घरी सारावैनी वाट बघत असतील. गेला.

एक करायचं. उद्या त्याच्या घरी जायचं. सोमवारी मंडळीसमोर त्याने स्वतः उभं राहून म्हणायचं, मला नवा टाईप नको. मग कुणाची हिंमत आहे बघू.

२६ नोव्हेंबर, रविवार

ख्रिस्त गल्लीत गेलो. दार लोटलेलं. हात वर केला आणि तसाच राहिला. आतून चाल ऐकू आली. तीच, माझ्या केसची! पण शब्द भलतेच. क-का-की एका भिंतीचे शेजारी, कु-कू ओसरीवर, असं काहीतरी. शलमोन गात होता, सारावैनी तक्ता धरून बसल्या असाव्यात, कारण मधेच म्हणाल्या, "चुकलं. कू वरच्या आळीत." तो पुन्हा पहिल्यापासून. कुठे अडखळला नाही.

मग त्यांनी विचारलं, "आन ह्यात वेशीबाहेर कोन?"

"ह्या गावाची वेस मोठी हाय, सारा. समदे आत."

जरा वेळाने तोच म्हणाला, "पर सहादेवाला कोन सांगनार? माज्यापायी अडून बसलाय."

दार न वाजवता परत फिरलो. उद्या सकाळी आधी पुण्याला तार, मग कृपादान मास्तरांचं घर. अर्धी तर अर्धी, दाढी होऊ दे! मग प्रेसमध्ये जाऊन शलमोनसमोर उभा राहीन आणि म्हणेन – चाल येते मला. शब्द शिकव.