ठकीची हिरवी रेघ

४ मार्च
पुन्हा तेच! हिरवे ठिपके पेशीच्या पोटात घोळका करून बसलेले. भिंतीपाशी एकही नाही.

माझ्या भाचीचा, ठकीचा, दोष जसाच्या तसा या पेशींत उतरवलाय. यकृतातलं पित्त उपसणारं तिचं प्रथिन (त्यालाच मी हिरवी चमक जोडलीय, तेच हे ठिपके) तयार होतं, पण जागेवर पोचत नाही. पेशीच्या एका अंगाला रक्त, दुसऱ्या अंगाला पित्ताची बारीक नळी — त्याने बसायचं नळीकडच्या भिंतीत. ते मध्येच अडकतं, पित्त तुंबतं, आणि पोर अंग ओरबाडत राहते. एवढीशी ती, दिवसभर हातांत मोजे.

६ मार्च
डॉक्टर स्पष्टच बोलले. औषध आहे, पण "पेशींत फरक दिसला तर देऊन बघू. नाहीतर यकृत बदलायचं."
बहीण लगेच म्हणाली, "माझं घ्या."
मी तिच्याकडे बघितलंच नाही.

७ मार्च
दुपारी टेबलावर डोकं टेकलं आणि डोळा लागला. मीच हिरवा ठिपका झालेले. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे सारख्या भिंती, दार कुठेच नाही. पत्ता विचारावा तर सगळे माझ्यासारखेच भटके. भीती नव्हती, नुसतं तरंगणं. उठावंसंच वाटेना.

११ मार्च
औषध घातलं. ठिपके आतून सुटले, पण चहूकडे पांगले. नळीकडे कुणीच जाईना.
प्रयोगशाळेतल्या आमच्या बाई म्हणाल्या, "औषध फसलं गं तुझं."
बहिणीला सांगायला जीभ रेटेना. "अजून बघतेय" म्हटलं. खोटारडी मी.

१२ मार्च
पेशी वाढवलेली ताटली टाकून देताना बोटाला वरचा बुळबुळीत थर लागलाच नाही. मठ्ठ कुठची! या पेशींना खाली एक आणि वर एक जेलचा थर लागतो, गादी-पांघरुणासारखा. तेव्हा कुठे त्या शेजारणीशी मिळून मध्ये नळी घडवतात. घाईत मी पांघरूणच घातलं नव्हतं. नळीच नाही, तर बिचारं प्रथिन जाणार कुठे?
बाई म्हणाल्या, "आणि मी उगाच औषधाला बोल लावत होते."

१९ मार्च
या वेळी दोन्ही ताटल्यांना पांघरूण घातलं होतं. औषधाविना ठेवलेल्या ताटलीत तोच घोळका. औषधाच्या ताटलीत, दोन पेशींच्या मधून, हिरवी रेघ. फिकट, जागोजागी तुटलेली — पण रेघ!
घरी येताना पानांच्या कडांना, खिडक्यांच्या फटींना तीच दिसत होती. चालतेय की वाहतेय, कळत नव्हतं.
डॉक्टरांना चित्रं पाठवली. मग बहिणीला फोन. "ताटलीत जमलंय. ठकीत जमेल का, माहीत नाही."
"मग एवढं हळू का बोलतेयस?"
काय सांगू? मोठ्याने बोलले तर रेघ पुसली जाईल असं वाटत होतं.

२३ मार्च
औषध सुरू.

९ एप्रिल
भरदुपारी बहिणीचा फोन. धापा टाकत होती. "ताई, खाजवण्याचा आवाज थांबला म्हणून हातातलं टाकून पळत गेले गं. मला वाटलं…" मग म्हणाली, "मोजे काढून फेकलेत तिने. झोपलीय."