गझगानहून आणलेली पायरी

१७ एप्रिल
उद्या सलोमतला घेऊन गझगानला. दोन दिवस. लग्नाला तीस वर्षं झाली तरी ह्यांनी मला कुठे नेलं नाही, असं ती गल्लीभर सांगते. आता तिचं तोंड बंद. संगमरवराच्या खाणी, मावशीचं घर, मोकळी हवा. बाईमाणसाला आणखी काय लागतं?

खरा प्लॅन फक्त इथे लिहितो. तिचा मावसभाऊ किलीच खाणीत कामाला आहे. त्याच्या अंगणात गुलाबी संगमरवराची एक लांबट लादी नुसती पडून असते. आपल्या नव्या फाटकाला पायरी म्हणून झकास. आमच्या सगळ्या कट्टाकुर्गान गावात तशी नसेल. मागायची नाही. फक्त तारीफ करायची. पाहुण्याने तारीफ केली की वस्तू पाहुण्याची, हे किलीचला शिकवायला नको.

सलोमत वाटेसाठी खिम्याचे समसे करतेय. एक चोरून खाल्ला. उत्तम. बोललो नाही. घरच्या वस्तूची तारीफ करून मिळणार काय? ती आपलीच असते.

१८ एप्रिल
पोचलो. सलोमत वाटभर गुणगुणत होती. वाटेतल्या नुरोत्याच्या झऱ्यापाशी दोघं जरा बसू, मासे बघू, म्हणाली. म्हटलं, येताना.

एकदम दगडावर आलो तर हावरट दिसेन, म्हणून आधी हात साफ करून घेतला. मावशीच्या टोमॅटोच्या लोणच्याची तारीफ केली. बरणी मिळाली. बरणी कसली, पिंपच. मग टर्की कोंबड्याची केली. किलीचने पाय बांधून तो थेट आमच्या भाड्याच्या टेम्पोत ठेवला. पद्धत चालते आहे.

किलीच लादीवर बसूनच चहा पितो. तो उठेपर्यंत अंधार पडला. उद्या.

१९ एप्रिल, सकाळ
फत्ते! लादीवरून हात फिरवला, सुस्कारा सोडला, म्हटलं काय रंग आहे, पहाटच जणू. किलीच पेला हातात घेऊनच उठला, म्हणाला दाजी, न्या. मी रीतीप्रमाणे नको नको म्हणतोय तोवर चौघांनी ती टेम्पोत चढवलीसुद्धा. किलीचची नजर माझ्या घड्याळाकडे गेली. मी बाही खाली ओढली.

मावशी म्हणाली, दगड मी माझ्यासाठी जपून ठेवला होता, पण तुम्हाला आधी लागतोय तर तुम्ही न्या. सगळे हसले. म्हातारी माणसं काहीही बोलतात.

दुपार
सलोमतने सगळ्यांसाठी पुलाव केला. लोक बोटं चाटत होते. किलीचने मुद्दाम विचारलं, दाजी, कसा झालाय? म्हटलं, भात जरा मोकळा हवा होता. दुसऱ्याच्या घरी आपल्याच बायकोची स्तुती काय करायची? सलोमतने हातातला झारा खाली ठेवला. मावशी म्हणाली, असं माणूस घरात असावं हो, नोर्मुरोद, नशीबवान आहात. मी संस्कारी माणूस. छातीवर हात ठेवून म्हणालो, तुमचीच समजा मावशी, ठेवून घ्या.

संध्याकाळ
सलोमत येत नाहीये. दिलेली वस्तू परत नेत नाहीत, म्हणते. म्हटलं, अगं ती बोलायची रीत झाली. म्हणाली, मग दगडाचीही रीतच होती, तो ठेवा खाली. मावशीने तिची गादीसुद्धा घातली.

दगड काही खाली ठेवला नाही. बरंच झालं. टर्कीला पुढची सीट मिळाली. झऱ्यापाशी थांबलो नाही. एकट्याने मासे काय बघायचे?

२० एप्रिल
घरी. लादी फाटकाशेजारी भिंतीला उभी टेकवली. गवंडी पुढच्या आठवड्यात येणार. घरात शांतता. निश्चय: स्वतः स्वयंपाक करायचा, पोट कमी करायचं. आज लोणचं.

२१ एप्रिल
लोणचं. घरात बोलणारा एकटा टर्की. दगडाकडे कोणी ढुंकून बघत नाही. माणसाच्या पेहरावाशिवाय वस्तू उठून दिसत नाही. उद्या चांगला चोगा, टोपी, कमरेला रुमाल. फाटकात उभं राहायचं.

२२ एप्रिल
आधी वाटलं, जिंकलो. न्हावी तुर्सुनने मला पाहिलं, दगड पाहिला, तिथेच थबकला. हळूहळू आला आणि मिठी मारली. मग आणखी पाचदहा जण. बाकावर बसून ओंजळ धरून काहीतरी पुटपुटू लागले. बायका कापडाखाली रोट्या झाकून थेट आत. संगमरवराचा एवढा मान!

शेजारचे हमरोबाबा गळ्यात पडून रडले. म्हणाले, परवापरवा तर तिने मला सूप पाठवलं होतं, कशी गेली रे?

तेव्हा ट्यूब पेटली. चोगा, कमरेला रुमाल, दारात उभा, शेजारी थडग्यावर लावतात तसा लांबट दगड. आमच्याकडे मयताच्या घरचा पुरुष असाच उभा असतो.

म्हटलं, अहो, तिला मावशीकडे ठेवून आलोय. तुर्सुनने पाणी आणलं, म्हणाला, धक्का बसलाय बिचाऱ्याला. आणि सगळे तिच्याबद्दल बोलतच राहिले. हिने कोणाच्या पोरीचा लग्नाचा झगा शिवला, कोणाच्या आजारपणात रात्री बसली. एक जण म्हणाला, तसा पुलाव आता ह्या गल्लीत होणे नाही. भात मोकळा हवा होता असं एकही म्हणाला नाही.

ऐकता ऐकता मीही रडलो. मग तर त्यांची खात्रीच पटली.

शेवटी हमरोबाबांच्या सुनेने मावशीला सांत्वनाचा फोन लावला. उचलला सलोमतने. सून किंचाळली आणि फोन माझ्या हातात कोंबला.

सलोमत म्हणाली, मी मेले म्हणे. म्हटलं, सगळे तुझ्या पुलावची तारीफ करतायत. म्हणाली, आणि तुम्ही? सगळी गल्ली कान देऊन. म्हटलं, मलाही आवडतो. पहिल्यापासून. समसेही.

मग म्हणाली, तारीफ केलीत ना? मग घ्या. कढई ओट्याखाली आहे.

२३ एप्रिल
पुलाव केला. टर्कीने तोंड लावलं नाही. फोन करून तेही खरं खरं सांगितलं. सलोमत खूप हसली. म्हटलं, न्यायला येतो, येताना झऱ्यापाशी बसू, तू म्हणशील तेवढा वेळ. म्हणाली, या, पण मावशी मला फुकट सोडत नाही. दगड परत हवाय.

दगड न्यायला नवा टेम्पोवाला आत्ताच आला. लादीवरून हात फिरवत म्हणाला, वा, काय दगड आहे हो!

मी घाईघाईने म्हटलं, छे, अगदी साधा आहे.